पदकाच्या कडेवरचं नाव

नांदेडमधल्या एका ओळखीच्या घरी पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक जपून ठेवलंय. चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. घरातला तरुण मला म्हणाला, "सर, सतरा सप्टेंबर जवळ आला की लोक आम्हाला रझाकार म्हणतात. यंदा याचा फोटो टाकतो. आम्ही कोण होतो ते कळू दे सगळ्यांना."

त्याची वेदना मला कळते. पण हे पदक नेमकं काय सिद्ध करतं?

आपल्या भागातली फौजेची परंपरा बरीचशी हैदराबाद कंटिन्जंटमधून आली. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद इथे तिच्या छावण्या होत्या. या फौजेच्या खर्चापायी 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1903 मध्ये तिच्या पलटणी हिंदुस्थानी लष्करात विलीन झाल्या. आजच्या कुमाऊं रेजिमेंटचं मूळही त्यातच आहे.

1857 च्या जूनमध्ये याच फौजेच्या औरंगाबादच्या घोडदळात हवा उठली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार. स्वारांनी नकार दिला. मीर फिदा अली या दफेदाराने इंग्रज कप्तानावर गोळी झाडली आणि तो फासावर गेला. पुढे आणखी काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. औरंगाबादचा काळा चबुतरा त्याची आठवण आहे. याच फौजेच्या दुसऱ्या तुकड्या 1858 मध्ये सर ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून गेल्या. त्यांच्या वाट्याला 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी असलेलं पदक आलं.

एकच फौज, एकच पगार. एकाला पदक, दुसऱ्याला फास. यातला आपला कोण? दोघेही.

पदकांतही पंक्तिभेद होता. पहिल्या महायुद्धाचं हेच पदक लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं, तर मजूर तुकड्यांतल्या हजारोंना काशाचं. कितीही वर्षं चाकरी केली तरी हिंदी रिसालदार नवख्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच राहायचा. 'व्हॉलंटिअर' पलटणी तर जवळपास गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्याच होत्या. त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी दीर्घ सेवेचं वेगळं मानचिन्ह असे. हिंदी माणसांनाही व्हॉलंटिअर होऊ द्या, हे काँग्रेसला सुरुवातीच्या काळात ठरावाने मागावं लागलं.

व्हॉलंटिअरला उर्दूत शब्द आहे रझाकार. रझा म्हणजे मर्जी, आपल्या मर्जीने काम करणारा. हा चांगला शब्द लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याच्या लोकांनी मातीत घातला. त्यांनी गावं लुटली, माणसं मारली. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा पत्रकार शोएबुल्लाह खान त्यांच्याच दहशतीत, ऑगस्ट 1948 मध्ये मारला गेला. हे आपण आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. पोलीस ॲक्शननंतर सामान्य मुसलमानांवर जे गुजरलं तेही तितक्याच स्पष्टपणे बोललं पाहिजे. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून नोंदवलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. रझवी तुरुंगातून सुटून 1957 मध्ये पाकिस्तानला गेला. किंमत मोजली ती इथे राहिलेल्यांनी.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटलं, बेटा, फोटो जरूर टाक. कडेवरचं नाव नीट वाच, पलटण कुठे लढली ते शोध, पणजोबा घरातल्या कोणत्या अडचणीपायी भरती झाले ते आजीला विचार. पण दाखला म्हणून टाकू नको. इंग्रजांच्या चाकरीचं पदक देशप्रेमाचा पुरावा होत नाही आणि रझवीचं पाप तुझ्या माथी लागत नाही. या मातीत तुझं असणं पुराव्यावर अवलंबून नाही.

पणजोबांनी पोटासाठी बंदूक धरली. आज तू रक्तदान शिबिरात उभा राहतोस, पुरात लोकांना बाहेर काढायला धावतोस. कुणी हुकूम दिलेला नसतो, पदकही मिळत नाही. रझाकार या शब्दाचा खरा अर्थ तोच होता. तो परत मिळवायचा असेल तर असाच मिळेल.