शिवी कोणती आणि शिक्षा कुणाला?

गेल्या आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेतून पाचवीतल्या एका मुलाच्या आईला बोलावणं आलं. मजुरी बुडवून जायचं, त्यात हेडमास्तरांसमोर एकटीनं बोलायची भीती, म्हणून आम्ही सोबत गेलो. हा मुलगा विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी येतो. त्यानं 'घाण भाषा' वापरली अशी तक्रार होती. 'मी शिवी देणार नाही' हे त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं होतं आणि खाली पालकांची सही पाहिजे होती.

घडलं काय होतं? मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली झाली. दुसऱ्या पोरानं याला म्हटलं, "ए म्हारड्या, सर मागं." यानं म्हटलं, "तुझ्या आयला." सरांनी दोन्ही ऐकलं होतं, तरी शंभर ओळी एकालाच. दुसऱ्याचं काय, असं आम्ही विचारलं. सर अगदी शांतपणे म्हणाले, "त्यानं शिवी कुठं दिली? जातीचंच नाव घेतलं की."

सर वाईट माणूस नाहीत. पोरांना फीसाठी खिशातून पैसे देणारे आहेत. म्हणूनच हे वाक्य आम्हाला जास्त लागलं. आईवरून काढलेला शब्द त्यांच्या कानाला टोचतो आणि जातीवरून काढलेला शब्द टोचत नाही, हा कान तयार कुठं झाला?

कायद्याला हा फरक कळतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीच्या नावानं शिवी देणं हा कलम ३(१)(एस) प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. दहा वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल करा असं आम्ही म्हणत नाही. ते पोर घरात ऐकलेलं बोललं. पण जे शब्द मोठ्या माणसाला कोर्टात उभं करतात ते शाळेच्या यादीत 'शिवी' म्हणूनसुद्धा नसावेत?

मग त्या यादीत काय आहे? आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांना आम्ही विचारलं, शाळेत कशावरून बोलणी बसतात. उत्तरं ऐका. 'लई' म्हटलं की. 'हाय', 'न्हाय' म्हटलं की. बाईंना 'व्हय' म्हटलं की. "मुताय जाऊ का?" विचारलं तर पाठीत धपाटा, तेच "टॉयलेटला जाऊ का?" विचारलं तर परवानगी. काम एकच. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडनं टोळीबरोबर आलेलं एखादं पोर वर्गात बसलं, तर त्याच्या बोलण्यावर आमचीच शिरोळची पोरं हसतात. ज्यांच्यावर रोज हसलं जातं त्यांनाही हसायला कुणीतरी लागतंच. आणि घरी कानडी बोलणाऱ्या पोराचं लिंग-वचन चुकलं की तो 'ढ'. तूप, भाकर, अक्का, अण्णा, किल्ली हे शब्द कानडीतून आलेत असं व्याकरणाच्या पुस्तकातच छापलंय, पण ते पुस्तकापुरतं.

कोशात अशा शब्दांपुढं 'ग्राम्य' असा शेरा असतो. ग्राम्य म्हणजे गावातलं. संस्कृत काव्यशास्त्रात तर ग्राम्यता हा काव्याचा दोषच मानला आहे. गावात राहणाऱ्यानं बोललं की तो दोष! समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिएर बोर्द्यू आणि त्यांचं सांस्कृतिक भांडवल वाचलं. आमच्या आज्ज्यांना ते न वाचताच कळलेलं होतं, म्हणून त्या मास्तरांसमोर तोंड उघडत नसत.

ही खोड जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या लुटीवर लिहिलं, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. तुकोबांनाही सोडलं नाही. शाळेत आणि भाषणात 'कासेची' लंगोटी म्हटलं जातं. तुकोबांनी तिथं शरीराचं साधं नाव घातलंय. संतांचं तोंड धुऊन घेणाऱ्यांनी आमच्या पोरांचं धुतलं तर नवल काय?

आता कुणी म्हणेल, मग जातीची नावं शाळेतून बंदच करा. तेही नको. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं 'मांग महारांच्या दुःखाविषयी' निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदया'त तो छापून आला. दोन्ही शब्द शीर्षकातच आहेत. ती शिवी नव्हती, साक्ष होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'फुले' सिनेमा यायचा होता तेव्हा सेन्सॉर बोर्डानं 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. इतिहास सांगताना हे शब्द नकोत, नळावर पोराला मागं सारताना चालतात! डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण पाटी बदलली तरी 'कुठल्या गल्लीतला रे तू?' हा प्रश्न विचारणारा तोच राहिला.

आणि आमचं आमच्याकडं. 'तुझ्या आयला' हे काही क्रांतीचं वाक्य नाही. कोल्हापूरकडं 'रांडच्या' म्हणून लाडानं हाक मारतात आणि आम्ही त्याला रांगडेपणा म्हणून मिरवतो. भांडण दोन पुरुषांचं आणि घाण दोघांच्या आयांच्या नावानं. आमच्या वस्तीत, जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा, हे चालतं. त्या मुलाच्या आईनं शाळेतून परत येताना त्याला एवढंच विचारलं, "त्याच्या आईनं तुझं काय केलं हुतं रं?" पोराला उत्तर देता आलं नाही. आम्हालाही नाही.

शंभर ओळींच्या वहीवर तिनं सही केली नाही. आम्ही हेडमास्तरांना लेखी अर्ज दिलाय. शाळेच्या शिस्तीच्या नियमांत जातिवाचक बोलणं स्पष्ट लिहा, आईबहिणीवरची शिवी लिहा, आणि 'लई' न् 'न्हाय' त्यातून काढा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मानसिक छळाला बंदी आहे, हेही त्यात लिहिलंय. शंभर ओळी आणि नळावरून हाकलणं, दोन्ही त्याच कलमात बसतं. अर्जाची पोच मिळाली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेतो म्हणालेत. पालकांनी त्या दिवशी यावं. मजुरी बुडेल हे आम्हाला माहीत आहे, म्हणून बैठक संध्याकाळी ठेवा असंही आम्ही अर्जातच मागितलंय.