कण्हेर छाटली, फांद्या कुठं टाकल्या?

कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही म्हणून आपण ती दारात, कुंपणाला बिनधास्त लावतो. हे अर्धंच खरं. हिरवा पाला कडू, म्हणून शेळी सोडून देते. पण छाटलेला पाला सुकला की वैरणीत मिसळून पोटात जातो, आणि विष सुकल्यावरही राहतंच. पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. थेट हृदयावर जातं. पिवळी बिट्टी तिचीच भावकी.

आमचं कुत्र्याचं पिल्लू छाटलेली काडी चघळत बसलेलं. त्या वयात हिरड्या शिवशिवतात ना. आधी लाळ, मग उलट्या. मी मीठ-पाणी पाजत बसलो, तिथंच वेळ गेला. डॉक्टर आले तेव्हा ठोके चुकत होते. रात्री गेलं. चूक माझी, झाडाची नाही.

झाड उपटा असं मी म्हणणार नाही, देवाला फुलं लागतात. पण छाटणी त्याच दिवशी खड्ड्यात पुरा. जाळू नका, धूरही वाईट. बांधावरची कळलावी पण तसलीच, तिचा कंद कुत्र्यानं उकरला तर अवघड. काही खाल्लंय असं वाटलं तर घरचे उपाय नकोत, ती फांदी सोबत घेऊन डॉक्टर गाठा.