हशा पिकवणाऱ्यांचा संप

गिरणीतील संपाची झळ मालकाला लागावयास काही आठवडे जातात. गोदामातील माल संपेपर्यंत तो निर्धास्त असतो. अमेरिकेतील रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांना मात्र गोदाम नाही. त्या दिवसाची बातमी आणि तिच्यावर त्याच दुपारी रचलेला विनोद, हाच त्यांचा माल. रात्री खपला नाही तर सकाळी शिळा. म्हणूनच रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने 2 मे 2023 रोजी संप पुकारला तेव्हा चित्रपटांचा व मालिकांचा व्यवहार तयार साठ्यावर काही काळ रेटता आला, पण एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या कंपन्यांचे रात्रीचे कार्यक्रम तत्काळ बंद पडले. जुने भाग पुन्हा दाखवण्यावाचून कंपन्यांना गत्यंतर उरले नाही. सूत्रसंचालकाच्या हजरजबाबीपणामागे अनेकांची लेखणी राबत असते, हे एरवी झाकलेले सत्य त्यामुळे उघडे पडले.

या वेळी कंपन्यांनी विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी दिवसाच्या दराची कल्पना पुढे केल्याची तक्रार गिल्डने केली होती. आपल्याकडे तिला रोजंदारी म्हणतात. नाक्यावर उभे राहून मुकादमाची वाट पाहणाऱ्या मजुराला तिचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही!

परंतु या संपात सर्वांत अवघड जागी उभा असतो तो सूत्रसंचालक. तो कोण? पुष्कळदा तो स्वतः गिल्डचा सभासद असतो, म्हणजे संपकरी. कंपनीचा करारबद्ध नोकर असतो. आणि आपल्या कार्यक्रमावर पोट असलेल्या अनेकांचा एका अर्थाने मालकही असतो. 2007 सालच्या संपात ही तिहेरी भूमिका कसोटीला लागली. इंटरनेटवरील प्रसारणाच्या मोबदल्यावरून 5 नोव्हेंबरला तो संप सुरू झाला आणि रात्रीचे कार्यक्रम थांबले. मग नेहमीचेच हत्यार बाहेर निघाले. दिवेवाले, कॅमेरावाले, रंगभूषाकार, कचेरीतील कारकून हे काही संपावर नव्हते. काम नाही म्हणून त्यांच्या नोकऱ्यांवर गदा आली. कोनन ओब्रायन यांनी आपल्या अशा सहकाऱ्यांचे पगार काही काळ स्वतःच्या खिशातून भरले. पण हे किती दिवस चालणार?

2 जानेवारी 2008 रोजी कार्यक्रम पुन्हा सुरू झाले, ते दोन निरनिराळ्या वाटांनी. डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्या स्वतःच्या संस्थेकडे होती. तिने गिल्डशी स्वतंत्र करार केला आणि लेटरमन आपल्या लेखकांसह परतले. जे लेनो व ओब्रायन यांचे कार्यक्रम एनबीसीचे असल्यामुळे त्यांना ती वाट मोकळी नव्हती. ते लेखकांविना उभे राहिले. वेळ भरून काढण्यासाठी ओब्रायन टेबलावर लग्नाची अंगठी गरगर फिरवीत बसले. लेनो यांनी आपले प्रारंभीचे भाषण स्वतःच लिहिले. सभासदाने स्वतःसाठी लिहिणे हाही संपाचा भंग होय, असे गिल्डचे म्हणणे पडले. पुढे 2009 मध्ये गिल्डच्याच चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केले.

समितीचा निर्णय नियमांच्या भाषेत योग्य असेलही. तरी लेनो परतले त्याने कंपनीला दिलासा मिळाला, हे नाकारता येत नाही. सहकाऱ्यांच्या भाकरीचा प्रश्न खोटा नव्हता. पण ती भाकरी लेखकांनी हिरावलेली नव्हती. पगार थांबवायचा कंपनीने आणि त्याचे पाप संपकऱ्यांच्या माथी मारायचे, हा डाव कामगार चळवळीला नवा नाही. उलट लेटरमन यांच्या करारामुळे गिल्डच्या मागण्या मान्य करूनही कार्यक्रम चालवता येतो हे दिसले. न परवडण्याची कंपन्यांची ओरड तेवढ्यापुरती तरी पोकळ ठरली.

2023 साली सूत्रसंचालकांनी अधिक शहाणपण दाखवले. कोल्बर्ट, फॅलन, किमेल, मायर्स व ऑलिव्हर या पाच जणांपैकी एकानेही आपला कार्यक्रम लेखकांविना सुरू केला नाही. एरवी परस्परांचे स्पर्धक असलेले हे पाचही जण ऑगस्टअखेर एका ध्वनी-कार्यक्रमासाठी एकत्र आले आणि त्याचे उत्पन्न त्यांनी कामावाचून बसलेल्या सहकाऱ्यांना देऊ केले. बिल मार यांनी सप्टेंबरात लेखकांविना परतण्याचे जाहीर केले खरे; आठवड्याच्या आत त्यांना तो बेत मागे घ्यावा लागला. 148 दिवसांनी, 27 सप्टेंबरला संप मिटला. यंत्राने रचलेल्या मजकुराला लेखनाचा दर्जा मिळणार नाही, असे कलम लेखकांनी पदरात पाडून घेतले.

सूत्रसंचालकांचे औदार्य कौतुकास्पद असले तरी संपनिधीची जागा ते घेऊ शकत नाही. कोट्यधीशाची मर्जी फिरली की ते आटते. शिवाय दिवेवाल्यांची संघटना वेगळी, तिच्या कराराची मुदत वेगळी. लेखकांचा करार संपला तेव्हा त्यांचा चालू होता. ते संपावर नव्हते, वाटाघाटींच्या टेबलावरही नव्हते, आणि पाच महिने त्यांचे काम मात्र बंद होते.