कोयनेच्या पाण्यावर माणसाची वाट कुठे आहे?

कोयनानगरच्या धरणाने महाराष्ट्राला काय दिले, याचा आकडा राज्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. १,९६० मेगावॅट वीज! या धरणाने काय बुडवले, हे मात्र कुणी सांगत नाही. गावे बुडाली, शेते बुडाली आणि जे काठावर उरले त्यांच्या वाटा बुडाल्या. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील माणसाला दवाखाना, बाजार, कचेरी गाठण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लाँचच्या भरवशावर राहावे लागले.

धरण म्हणजे केवळ वीज, ही समजूत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नव्हती. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली जो केंद्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे त्यांनी ओरिसाच्या नद्यांविषयी हीच बहुउद्देशीय भूमिका मांडली. पाणी अडवायचे ते शेतीसाठी, विजेसाठी आणि वाहतुकीसाठीही. कोयनेत वीज आली, सिंचन आले. नौकानयन कुठे गेले?

या देशात जहाजाच्या संशोधनाला तोटा नाही. खरगपूरच्या आयआयटीत १९५२ पासून नौका-आरेखन शिकवले जाते. विशाखापट्टणमला नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे जहाजाची छोटी प्रतिकृती लांब हौदातून ओढतात आणि पाणी तिला किती अडवते, हे मोजतात. मग कोयनेच्या लाँचसाठी हा हौद कधी वापरणार?

कोयनेचा प्रश्न समुद्राहून वेगळा आहे. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरतो, उन्हाळ्यात पाणी खूप खाली जाते. काठ चिखलाचा होतो, पक्का धक्का कोरडा पडतो, पंखा खोडात अडकतो. येथे उथळ पाण्यात चालणारी, माणसे एका बाजूला सरकली तरी न कलंडणारी बोट हवी. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. वेग दुप्पट करायचा तर शक्ती सुमारे आठपट लागते. म्हणूनच संथ चालणाऱ्या प्रवासी बोटीला थोडी वीज पुरते.

ही कल्पना नव्हे. केरळात वायकोमला जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालते. तिचे दोन सडपातळ सांगाडे पाणी सहज कापतात. तिच्या दोन मोटारी मिळून ४० किलोवॅटच्या, म्हणजे कोयनेच्या वीजक्षमतेचा सुमारे पन्नास हजारावा भाग! ज्या वायकोममध्ये १९२४ साली अस्पृश्यांना रस्त्यावर चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे आज सूर्यावर चालणारी बोट सर्वांना पलीकडे नेते.

हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेदराम शर्मा या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगरी जनतेचा रस्ता हा कलम २१ च्या जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. जिथे सरकारनेच रस्ता पाण्याखाली घातला, तिथे बोट हाच रस्ता. ती सुरक्षित असणे हे सरकारचे कर्तव्य आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी व तपासणीची चौकट दिली आहे. आता कोयनेसाठी योग्य बोटीचे संशोधन शासनाने हाती घ्यावे. ते करताना काठावरच्या नावाड्यांना विचारावे आणि धरणग्रस्तांच्या मुलामुलींना या विद्येचे दार उघडून द्यावे.

ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभे आहे, त्यांना त्या पाण्यावरून निर्धोक जाता आले पाहिजे. ही मागणी आता लेखी गेली पाहिजे, आणि संघटितपणे गेली पाहिजे.