गर्दुल्ले, सुया आणि कुलूपबंद संडास

मराठी वर्तमानपत्रांनी 'सुळसुळाट' हा शब्द उंदीर, डास, भुरटे चोर आणि गर्दुल्ले यांच्यासाठी राखून ठेवला आहे. मुंबईत स्टेशनाबाहेरच्या स्कायवॉकवर किंवा पुलाखाली चारपाच माणसं पन्नी पेटवून बसली, की सुळसुळाट झालाच. मग रहिवासी फोटो पाठवतात, कुणी तरी पत्र देतो, पोलिसांची गाडी येते, टँकर येऊन जागा धुऊन काढतो आणि दुसऱ्या दिवशी परिसर 'गर्दुल्लेमुक्त' झाल्याची बातमी येते. परिसर मुक्त होतो हे खरंच. माणसं दोन सिग्नल पुढे सरकलेली असतात आणि पंधरा दिवसांनी तिथून पत्र जातं.

हाकलण्याला स्वच्छता म्हणणारे एका बाजूला आणि 'राहू द्या बिचाऱ्यांना' म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असा हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. दोघांमध्ये एक सोयीस्कर साम्य आहे. शहराने कायमचं काही उभारावं, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

संडासापासूनच सुरुवात करू, कारण हा वाद शेवटी तिथेच येऊन पोचतो. कित्येक सार्वजनिक शौचालयांना रात्री कुलूप लागतं. विचारलं, की उत्तर ठरलेलं: 'रात्री गर्दुल्ले घुसतात.' घुसतात, हे मला मान्य आहे. दार आतून लावता येईल अशी जागा नशा करणाऱ्याला हवीच असते. पण कुलूप लावल्याने नशा थांबत नाही, ती भिंतीच्या बाहेर येते. थांबतं ते बाकीच्यांचं जाणं. रात्रपाळीची आया, मार्केटात पहाटे तीनला भाजी उतरवणारी बाई, रिक्षावाला, फुटपाथवरचं कुटुंब, या सगळ्यांसाठी गल्ली हाच संडास होतो. बायकांना मुतारी फुकट आणि सुरक्षित मिळावी म्हणून मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवावी लागली. तिची मागणी दिवसाढवळ्याही पुरी झालेली नाही, तिथे रात्रीचं काय बोलायचं? आधी दाराला कुलूप घालायचं आणि मग उघड्यावर बसणाऱ्याकडून दंड घ्यायचा, हा व्यवहार फक्त पालिकेलाच जमतो.

ही गल्ली सकाळी कोण झाडतं? सफाईबद्दल तावातावाने बोलणाऱ्यांच्या तोंडी सफाई कामगार क्वचितच येतो. मुंबईतली बरीच मंडळी ब्राऊन शुगर पन्नीवर ओढतात, पण टोचून घेणारेही आहेत आणि त्यांच्या सुया केरात जातात. कापडी हातमोजा सुई अडवत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम सांगतात, की वापरलेली सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. हे नियम इस्पितळांना, दवाखान्यांना, प्रयोगशाळांना लागू आहेत. रस्त्यावरच्या सुईला मालकच नाही, म्हणून तिला डबाही नाही. ती ज्याच्या हातात घुसते तो बहुधा कंत्राटी असतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. इस्पितळात जायचं तर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. हेपटायटिस-बीच्या लशीचे डोस त्याला कुणी दिले आहेत का, हे मुकादमालाही ठाऊक नसतं. कायम होण्यासाठी मुंबईतल्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तो निकाल 2017 चा. त्यांच्यामागून कंत्राटावर आलेल्यांची लढाई पुन्हा पहिल्यापासून.

आता कायदा पाहा. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27 खाली नुसतं सेवन हा गुन्हा आहे, हेरॉइनसाठी वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्यातलं कलम 39 न्यायाधीशाला सांगतं, की थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येईल. कलम 64-अ सांगतं, की जो आपणहून उपचार घेतो त्याच्यावर खटला चालू नये. म्हणजे उपचाराचं दार कायद्याने ठेवलेलं आहे, पण वर्दळ सगळी कलम 27 वर. कारण उघड आहे. पुलाखाली बसलेला माणूस पकडायला सर्वांत सोपा, पळत नाही, वकील करत नाही, आणि महिन्याच्या तक्त्यात एक केस भरते. त्याला माल विकणारा तक्त्यात यायला मेहनत पडते.

सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये देशव्यापी पाहणी जाहीर केली. टोचून नशा करणारे सुमारे साडेआठ लाख, आणि अवैध नशेच्या आहारी गेलेल्या 20 जणांपैकी कसाबसा एक काही ना काही उपचारांपर्यंत पोचलेला, असं ती पाहणी सांगते. उरलेल्या 19 जणांना टँकरने धुऊन काढणार आहोत का?

झुरिकने हे दोन्ही मूर्खपणे करून पाहिले आहेत. 1987 पासून तिथल्या प्लाट्झश्पिट्झ या बागेत पोलिसांनी नशा चालू दिली. रोज हजाराच्या वर माणसं, चिखल, सुया, मरणारी पोरं. ही झाली 'राहू द्या' वाल्यांची बाग. फेब्रुवारी 1992 मध्ये तिला कुलूप ठोकलं. ही 'हटाव' वाल्यांची बाग. गर्दी जवळच्याच लेटेनच्या वापरात नसलेल्या रेल्वे स्टेशनावर गेली आणि तिथेही तेच. लेटेन 1995 मध्ये बंद केलं, पण तोवर वेगळं काही उभं राहिलं होतं: देखरेखीखाली नशा करता येईल अशा खोल्या, मेथाडोन, 1994 पासून डॉक्टरांकडून मोजून मिळणारं हेरॉइन, रात्रीचे निवारे, आणि विकणाऱ्यांवर पोलिसांची कारवाई. या वेळी गर्दीला जायला जागा होती. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी, आणि ते काही मवाळ लोक नव्हेत, 2008 मध्ये हे धोरण 68 टक्क्यांनी उचलून धरलं.

सॅन फ्रान्सिस्कोचं नाव घेतलं, की आपल्याकडे लगेच बोट दाखवतात: बघा, लाड केले तर काय होतं! तिथल्या टेंडरलॉइनची अवस्था वाईट आहे, ती झाकायची गरज नाही. पण त्याच वस्तीत 2014 मध्ये 'पिट स्टॉप' नावाची शौचालयं सुरू झाली. प्रत्येकापाशी पगारी माणूस बसतो, शेजारी सुया टाकायचा डबा. बसणाऱ्यांत तुरुंगातून सुटून आलेलेही बरेच आहेत. तो माणूस दार वाजवतो, फार वेळ उत्तर आलं नाही तर उघडतो. ही शौचालयं चालली. चाललं नाही ते घर आणि उपचार यांचं रांगेतलं गणित, कारण त्या शहरात भाडं कुणालाच परवडत नाही. ज्याच्याकडे दार नाही त्याची नशा रस्त्यावरच दिसणार. दार असलेल्यांचीही कमी नसते, ती दिसत नाही एवढंच. आपल्याकडच्या सोसायट्यांनाही हे लागू आहे.

आपल्याला परदेशातून सगळं आणायची गरजही नाही. अनिल अवचटांचं 'गर्द' आणि 1986 साली पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण यांना आता चाळीस वर्षं होत आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात जुनी सुई घेऊन नवी देणं बसतं, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही बसते. पण ही केंद्रं कुठल्या तरी आडबाजूला, मोजकीच, आणि गोळी घ्यायला रोज जावं लागतं. वाटेत पोलिसाने एकदा धरलं की माणूस पुन्हा फिरकत नाही. ज्या स्टेशनाबाहेर सुळसुळाट आहे, गोळी त्याच स्टेशनाबाहेर मिळायला हवी, सकाळी सहापासून. शौचालय रात्रभर उघडं, आत दिवा, दाराशी पगारी माणूस, आणि तो नशेतून बाहेर पडलेला असेल तर उत्तम, कारण कोण नुसतं बसलंय आणि कोण निळा पडतोय हे त्याला कळतं. सुयांचा डबा तिथेच. झाडणाऱ्याला जाड हातमोजे, लस आणि सुई टोचल्याच्या दिवसाची भरपगारी रजा.

हरकत ठरलेली आहे: आमच्याच गल्लीत का? कारण ते आजही तुमच्याच गल्लीत आहेत. गेल्या महिन्यात हाकललेले शेजारच्या वॉर्डातून परत आलेत आणि शौचालयाचं कुलूप अजून तसंच आहे.