बांधावरची कुऱ्हाड

पावसाळा तोंडावर आला की बांधावरच्या झाडांपायी शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. मेरेवरचा अकेशिया पलीकडच्या शेताचे ऊन अडवितो, वाळकी फांदी कौलांवर कोसळते. गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु रातोरात कुऱ्हाड चालविणे हा न्याय नव्हे. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्षतोडीस वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली आहे. बदली झाड लावण्याची जबाबदारीही घातली आहे. मात्र अर्ज कचेरीत धूळ खात पडले, तर कायद्याविषयी आदर नव्हे, चीड वाढते. तेव्हा अधिकाऱ्यांनी पावसापूर्वी निर्णय द्यावेत, शेजाऱ्यांनी आधी एकत्र बसावे. ऑस्ट्रेलियातून आलेला अकेशिया खुशाल जावो. त्याजागी आंबा, फणस, भिरंड उभे राहोत. बांध मुळांनी टिकतो, शेजार समजुतीने.