वर्षाची यादी आणि जात्यावरची ओवी

डिसेंबर उजाडला की वर्षभरातील उत्तम ध्वनिमुद्रिकांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. समीक्षक आपली यादी देतात, कंपन्या आपली देतात, आणि सामान्य रसिकही मित्रमंडळीत आपल्या आवडीची दहा नावे सांगून तावातावाने वाद घालतो. हा छंद निरुपद्रवी वाटतो आणि बव्हंशी तो तसा आहेही. परंतु कोणतीही यादी म्हणजे काहींची निवड आणि उरलेल्यांची गाळणी असते. ह्या गाळणीची जाळी कोणी विणली, हा प्रश्न मात्र संगीताइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. बीडसारख्या जिल्ह्यातून पाहिले असता तो अधिकच ठळकपणे दिसतो.

आपल्याकडे वार्षिक क्रमवारीची गोडी लावली ती ‘बिनाका गीतमाले’ने. माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे होते. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार होते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावून घेतले आणि १९५२ मध्येच सिलोनच्या नभोवाणीवरून अमीन सायानी यांचा हा कार्यक्रम सुरू झाला. सरकारने जे रोखले ते एका टूथपेस्टच्या जाहिरातीच्या पैशावर समुद्रापलीकडून घरोघर आले. बाजारपेठेच्या सामर्थ्याचे याहून बोलके उदाहरण वर्गात शिकवायलाही सहज सापडणार नाही. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने आपली चूक निमूटपणे दुरुस्त केली, हा त्याचा पुढचा भाग.

गीतमालेचा क्रम ठरत असे तो तबकड्यांच्या दुकानांतील खप आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून. पद्धत प्रामाणिक होती. पण दुकाने होती शहरांत, त्यामुळे खपाचा आकडाही शहराचाच. त्या काळी हैदराबाद संस्थानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील श्रोता हॉटेलच्या रेडिओभोवती उभा राहून तेच गाणे तितक्याच तन्मयतेने ऐकत असे. तो तबकडी विकत घेत नव्हता, म्हणून त्याची आवड कोठे नोंदली जात नव्हती. कानाला मत होते, खिशाला मताधिकार नव्हता.

‘अल्बम’ ह्या शब्दाची जन्मकथाही व्यापाराचीच आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. दीर्घ रचना विकायची तर अनेक तबकड्या एकत्र देणे भाग होते आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात घालून देत. त्या बाडाचे नाव पुढे संगीताला चिकटले. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव मोठ्याने इंग्रजीत उच्चारले. हा गर्व नव्हता. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कामगाराला कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे हे कळावे, एवढाच त्यातला हेतू. व्यापाराच्या सोयीसाठी केलेल्या ह्या उच्चाराने गायिकेचे नाव मात्र कायमचे गाण्याशी बांधले गेले. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. तेव्हा कोठे आठ-दहा गाण्यांमागे एक कल्पना असू शकते, हा विचार रुजला. मराठीत ‘शिवकल्याण राजा’ किंवा श्रीनिवास खळे आणि लता मंगेशकर यांचे ‘अभंग तुकयाचे’ ही त्या विचाराची समृद्ध फळे. तरीही एका बाबतीत मराठी अनुभव निराळा आहे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक ह्या गतीने ऐकवले. छप्पन्न गीते, एक कथा, एक कवी, एक संगीतकार. त्या वर्षाची श्रेष्ठ मराठी ध्वनिमुद्रिका निवडायची तर हीच निवडावी लागेल, आणि ती तेव्हा दुकानात विकायला नव्हतीच. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे गाणे कमी होत नाही, ह्या साध्या सत्याचा लाभ सार्वजनिक नभोवाणीने समाजाला करून दिला होता. विक्रीवरून लावलेल्या कोणत्याही क्रमवारीत त्या वर्षी ‘गीतरामायण’ आले नसते.

मध्यमवर्गीय घरात ग्रामोफोन ही चैनीची वस्तू होती. ध्वनिफितीने, म्हणजे कॅसेटने, ही स्थिती पालटली. १९८० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि ग्रामोफोन कंपनीची दीर्घकालीन मक्तेदारी मोडली. फिती भरण्याचे यंत्र लहान भांडवलात येत असल्याने लहान कंपन्याही बाजारात उतरल्या आणि प्रथमच बोलीतले, जातीपातींतले, जत्रेतले आणि जयंतीचे गाणे विक्रीयोग्य ठरले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पंढरीच्या वारीत आणि भीमजयंतीच्या मंडपात सारख्याच अधिकाराने वाजू लागला तो ह्या फितीमुळे. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर भाकरीच्या पिठाइतकाच टेपही निघू लागला. चाचेगिरी अफाट झाली हे खरे. नक्कल केलेल्या फितीचा पैसा ना गायकाला मिळे ना कंपनीला. परंतु अधिकृत फितीतूनही गायकाच्या हाती बहुधा एकरकमी बिदागीच पडे. फीत हजार खपो की लाख, त्याचा हिशेब तेथेच मिटे. ऊसतोड मजुराची उचल निदान मुकादमाच्या वहीत तरी नोंदलेली असते.

आता फीतही इतिहासजमा झाली. २०१६ नंतर मोबाइलवरील माहितीचा दर कोसळला आणि गेवराईच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातात जगातील बहुतेक ध्वनिमुद्रिका आल्या. ज्या शिक्षकांनी तरुणपणी एक तबकडी ऐकण्यासाठी दुसऱ्या गावचा रस्ता धरला, त्यांना ह्या विपुलतेचा हेवा वाटला तर नवल नाही. शिवाय वर्षअखेरीची यादी करण्याचे कष्टही उरले नाहीत. तुम्ही कोणते गाणे किती वेळा ऐकले, तुमचा आवडता गायक कोणता, हे यंत्रच डिसेंबरात सजवून हाती देते. विद्यार्थी ती यादी अभिमानाने एकमेकांना दाखवतात.

येथे थोडे थांबले पाहिजे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये प्रकट पसंतीचा सिद्धान्त मांडला. ग्राहकाच्या मनात काय आहे हे विचारीत बसू नका, तो प्रत्यक्षात काय निवडतो ते पाहा, म्हणजे त्याची आवड कळेल, असे त्याचे सार सांगता येईल. परंतु हा सिद्धान्त एका अटीवर उभा आहे: निवड ग्राहकाने केलेली असली पाहिजे. एक गाणे संपताच पुढचे गाणे यंत्राने आपणहून लावायचे, ते ऐकणाऱ्याच्या कानावरून जायचे, आणि वर्षाअखेरी त्याचीच बेरीज ‘तुमची आवड’ म्हणून परत करायची, ह्यात पसंती प्रकट झाली ती कोणाची? सर्वांत जास्त ऐकलेले आणि सर्वांत जास्त आवडलेले हे दोन वेगळे हिशेब आहेत. वर्षातून एकदाच, एखाद्या पहाटे ऐकलेला कुमार गंधर्वांचा निर्गुण भजनांचा ठेवा ह्या बेरजेत कधीच वर येणार नाही. ज्याने त्या पहाटेमुळे वर्ष तरले असे मानले, त्यालाच तो आपल्या यादीत पहिला लिहिता येईल. रसिकाने स्वहस्ते केलेली यादी म्हणूनच मोलाची; ती मोजदाद नसून साक्ष असते.

पैशाची विभागणीही ह्याच मोजदादीने होते. ऐकणाऱ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका हौदात जमा होते आणि एकूण श्रवणसंख्येतील वाट्यानुसार हक्कधारकांना वाटले जाते, हीच रूढ पद्धत आहे. परिणाम असा की केजमधील एखाद्या वर्गणीदाराने वर्षभर केवळ भारुडेच ऐकली, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग देशात सर्वाधिक वाजणाऱ्या गीतांच्या मालकांकडे जातो. त्यातच ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून असा नियम केला की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदलाच नाही. त्या गाण्यांचे पैसे एकेकटे पाहिले तर क्षुल्लक, हे कंपनीचे म्हणणे अमान्य करण्याचे कारण नाही. पण थेंब एकेकटा क्षुल्लक असला तरी तो शेवटी कोणाच्या हौदात पडतो, हे पाहायला नको काय?

कायद्याने काहीच केले नाही असेही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. परंतु ज्याचा कवी तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी वैकुंठाला गेला आणि ज्याची चाल कोणा एकाची नाही, अशा गाण्याला गीतकार कोण आणि संगीतकार कोण? अभंग सर्वांचा, चाल परंपरेची आणि ध्वनिमुद्रणावरील मालकी मात्र मुद्रण करणाऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे. गाणाऱ्याचाही हक्क कायद्यात आहे. तो मागायचा कोणाकडे, हे पाटोद्याच्या भजनी मंडळाला कोण सांगणार?

बीड जिल्ह्याच्या संगीताची खरी यादी करू लागले म्हणजे ‘अल्बम’ ही कल्पनाच अपुरी पडते. अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. त्याच परिसरातील आपेगावच्या पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांनी वारकरी कीर्तनातला पखवाज मैफलीच्या व्यासपीठावर सन्मानाने नेला आणि उद्धवबापूंनी तो वारसा पुढे चालवला. पण पखवाजी बहुतेकदा दुसऱ्याच्या गाण्याला साथ करतो, आणि साथीदाराचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापण्याची रीत आहे. आता वेष्टनच उरले नाही. मोबाइलच्या पडद्यावर त्या बारीक अक्षरांनाही जागा नाही.

माजलगावचे उदाहरण ह्याहून पुढचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये त्यांनी ज्या ओव्या टिपल्या त्यांत राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या आहेत. ग्रामीण भारताच्या ‘पारी’ ह्या लोकसंग्रहाने २०१७ पासून हा ठेवा सर्वांना ऐकण्यासाठी खुला केला. शाळेचा उंबरठा फारसा न पाहिलेल्या स्त्रियांनी घटनाकारावर रचलेले हे काव्य दळणाच्या श्रमातून निघाले. ते विक्रीसाठी नव्हतेच, श्रम हलके करण्यासाठी होते. पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ते उतरायलाच हवे होते. आणि त्याबरोबर ओवीचे प्रयोजनही संपले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पहाटे चार शेर दळून पाहावे, म्हणजे ह्या सौद्याचा दोन्ही बाजूंनी विचार करता येईल.

अशा ओवीला कोणत्या वर्षाच्या यादीत घालायचे? ती आजीने रचली, आईने वाढवली, १९९६ मध्ये मुद्रित झाली आणि २०१७ मध्ये जगाने ऐकली. ‘वर्ष’ हे मुळी व्यापाराच्या हिशेबाचे माप आहे. कंपनीचा माल जानेवारीत निघतो आणि डिसेंबरात त्याची मोजणी होते. पण ह्या संग्राहकांनी एक गोष्ट कटाक्षाने केली: प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले. गौहर जान यांना जे स्वतः मोठ्याने सांगावे लागले, ते येथे दुसऱ्यांनी आदराने नोंदवले.

असे काम पुण्याच्या संशोधकांनीच करावे असे थोडेच आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि तालुक्या-तालुक्यात अनुदानावर चालणारी वाचनालये आहेत. पुस्तकांसाठी जे कपाट आहे त्याच्या शेजारी जिल्ह्यातील ध्वनिमुद्रणांसाठी एक लहानसा संगणक ठेवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. जिल्हा समिती वृद्ध कलावंतांची मानधनासाठी दरवर्षी निवड करते, तेव्हा अर्जासोबत त्यांचे अर्ध्या तासाचे गाणे, वादन वा भारूडही मुद्रित करून घेता येईल. मानधन सुरू होईल आणि कलाही नोंदली जाईल. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेड्यात भरतात. रस्ता झाडून झाल्यावर सायंकाळी स्वयंसेवकांच्या खिशातील मोबाइल ह्या कामी यावेत. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक वही लागते आणि तीत चार रकाने: गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, आणि हे गाणे त्यांनी कोणाकडून घेतले.